खाशाबांची पाटी कुठे लावायची?

गेल्या अंकात या सदरातून वाचकांना विचारलं होतं, की तुमच्या गावातल्या एखाद्या रस्त्याला खेळाडूचं नाव द्यायचं ठरलं तर कोणाचं द्याल, आणि कोणत्या रस्त्याला. टपाल भरपूर आलं. काही पत्रांत नावं आहेत, काहींत नुसती भांडणं. उभा जन्म नगरपालिकेच्या टेबलामागे गेल्यामुळे मला भांडणाची पत्रं जास्त गोड लागतात. म्हणून सुरुवात त्यांच्यापासून.

प्रश्न : आप्पा, आमच्या तालमीतल्या पोरांनी ठरवलं की बाजारपेठेतल्या मेन रोडला खाशाबा जाधवांचं नाव द्यायचं. नगरसेवक तोंडी हो म्हणाले. पण दुकानदारांनी सह्या गोळा करून विरोध केला. एक शेठ आमच्या तोंडावर म्हणाले, "हाऊ खाशाबा कोन शे? सातारना माणूस, आपले काय करनं शे?" आता आम्ही मागे हटायचं का? आणि अर्ज करायचा तर कसा करायचा?
— एक पैलवान, चोपडा

उत्तर : भाऊ, मागे हटू नका, पण मेन रोड सोडा. का ते पुढे सांगतो.

आधी शेठजींचं. त्यांचा प्रश्न रागावण्यासारखा नाही. ज्याचं नाव उद्या आपल्या बिलबुकावर छापायचं तो कोण, हे विचारायचा दुकानदाराला हक्क आहे. चूक एवढीच झाली की उत्तर द्यायला तुमच्याकडे 'ऑलिंपिकवीर' याच्या पुढे शब्द नव्हता. तर त्यांच्या गादीवर बसून, चहा घेत, सावकाश पुढचं सांगा.

कराडजवळ गोळेश्वर नावाचं गाव आहे. तिथे १५ जानेवारी १९२६ ला खाशाबांचा जन्म. वडील दादासाहेब पैलवान, त्यामुळे माती घरातूनच लागलेली. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले तेव्हा कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाला हात दिला. जन्मभर मातीत लढलेला गडी तिथे गादीवर उतरला, नियम परके, पंचांची भाषा परकी, तरी सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा खिसा रिकामा. लोकांनी वर्गणी काढली. ती पुरेना, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. १९५२ चे सात हजार. शेठजींना म्हणावं, तुमच्या वडिलांच्या वेळच्या रोजमेळाच्या वह्या माळ्यावर असतील तर काढून बघा, त्या साली सात हजारांत काय काय येत होतं.

हेलसिंकीला खाशाबा बॅन्टमवेट गटात, म्हणजे सत्तावन्न किलोत, फ्रीस्टाइल लढले. जपानच्या इशीईकडून लांबलेली कुस्ती हरले. त्याच्यापाठोपाठ सोव्हिएत पैलवान मम्मदबेयोवसमोर उभं राहावं लागलं. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांतीचा नियम होता, पण तो पंचांना दाखवून द्यायला भारताचा कोणी अधिकारी तिथे हजर नव्हता, असं सांगतात. इशीईला सुवर्ण मिळालं, मम्मदबेयोवला रौप्य, खाशाबांना कांस्य. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं, अटलांटात लिअँडर पेसचं, टेनिसमधलं. मधली चव्वेचाळीस वर्षं खाशाबा एकटेच होते.

परत आले तेव्हा कराडला शंभराहून जास्त बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. ती संपल्यावर या माणसाने काय केलं? कुस्त्यांचे फड लावले, त्यातून पैसा जमवला आणि खर्डेकरांचं गहाण पडलेलं घर सोडवून दिलं. शेठजींना बाकी काही सांगितलं नाही तरी चालेल. घेतलेले पैसे फेडणारा माणूस होता, एवढं सांगा. बाजारपेठेत याच्यापेक्षा मोठी शिफारस नसते.

पुढे १९५५ ला ते पोलिसात फौजदार झाले, सहायक आयुक्त होऊन निवृत्त झाले, आणि १४ ऑगस्ट १९८४ ला रस्त्यावरच्या अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मृत्यूनंतर, पंधरा वर्षं उलटून गेल्यावर. आता त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडा संकुलातल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे.

राहिलं 'सातारना माणूस'. जळगावात नेहरू चौक आहे, सुभाष चौक आहे. या दोघांचं आजोळ काही खानदेशात नव्हतं, आणि तिथल्या दुकानदारांनी कधी तशी तक्रार केल्याचं माझ्या कानावर नाही. उलट खानदेशातल्या जत्रेत नारळापासून रोख इनामापर्यंत कुस्त्या लागतात त्या ज्या मातीत लागतात, त्याच मातीतून खाशाबा गेले. तुमच्या तालमीचा त्यांच्यावर कोणाही कराडकराइतकाच हक्क आहे.

आता मेन रोड का सोडा म्हणतो ते ऐका.

लोकांच्या तोंडी बसलेलं नाव ठरावाने उठत नाही. धुळ्याला जा आणि जुन्या शहरात पत्ता विचारा. "गल्ली नंबर चार, तिथून उजवीकडे" असंच सांगतील. आकडाच तो, पण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. त्यावर तुम्ही कितीही थोर माणूस बसवा, लोक नंबरच सांगणार, आणि तो थोर माणूस फक्त पाटीवर राहणार. तुमच्याकडेही तेच होईल. जिल्ह्याच्या गावाहून येणारा पाहुणा बसस्टँडवर उतरून रिक्षावाल्याला 'मेन रोड' म्हणेल, आणि खाशाबा लग्नपत्रिकेतल्या कंसात जाऊन बसतील.

केंद्रीय गृह मंत्रालयाचं ११ सप्टेंबर १९५३ चं एक पत्र आहे, गावांची नि शहरांची नावं बदलण्याविषयी. लोकांना सवयीचं झालेलं नाव खास कारण असल्याशिवाय बदलू नये, इतिहासाशी जोडलेलं नाव शक्यतो हलवू नये, आणि एखाद्या पुढाऱ्याविषयी आदर दाखवायचा एवढ्यासाठी गावाचं नाव पालटू नये, असा त्यातला आशय. गल्लीबोळांना ते पत्र लागू नाही. पण ज्याने कोणी तो मसुदा केला त्याने आयुष्यात पत्ते बरेच विचारले असावेत.

मग नाव बसतं कुठे? जळगावचा काव्यरत्नावली चौक बघा. जळगावातून फडणीसांनी एकोणिसाव्या शतकात 'काव्यरत्नावली' नावाचं कवितेचं मासिक चालवलं, त्याचं नाव चौकाला आलं. आज तिथे कोपऱ्यावर भेटणाऱ्या कॉलेजच्या पोरांपैकी किती जणांना त्या मासिकाचा पत्ता असेल ही शंकाच आहे, पण नाव सगळे पुरं घेतात. दुसरं नंदुरबार. ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्याबरोबरची पोरं इंग्रजांच्या गोळीला सामोरी गेली, माणिक चौकात त्यांचं स्मारक आहे. नंदुरबारच्या लहान मुलालाही ते नाव शिकवावं लागत नाही. नाव आणि घडलेली गोष्ट एका जागी आहेत, म्हणून.

आणि नाव जिथे बसत नाही तेही आपल्याच अंगणात बघायला मिळतं. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. आनंदच झाला. पण पूर्ण नाव झालं 'कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ', आणि बातम्यांतून ते येतं 'कबचौ उमवि'. अरे, जिच्या ओव्या तोंडपाठ आहेत त्या माउलीचं कबचौ? दोष कोणाचा नाही, नाव लांब पडलं. म्हणून तुमच्या अर्जात 'ऑलिंपिकवीर पैलवान स्वर्गीय खाशाबा दादासाहेब जाधव मार्ग' असलं काही लिहू नका. त्याचं 'ऑपैस्वखादाजा' होईल. 'खाशाबा जाधव मार्ग' बस्स. लोक त्याचं 'खाशाबा रोड' करतील, आणि ते झालं की समजा काम फत्ते.

तुमच्या पत्रात खालच्या ओळीत तुम्ही सहज लिहिलंय, की तालमीपासून मैदानाकडे जाणारा नवा डीपी (शहराच्या विकास आराखड्यातला) रस्ता झालाय, पण तो बाजारपेठेइतका 'वजनदार' नाही. अहो, तोच घ्या! त्याला आज नाव नाही. दोन्ही बाजूंना प्लॉट पडलेत, घरं व्हायची आहेत. पहाटे त्या रस्त्याने तुमचीच पोरं पळतात. तिथे कोणाचं नाव काढून टाकावं लागत नाही, कोणाचं बिलबुक बदलावं लागत नाही, सह्यांची मोहीम आपोआप थंड. दहा वर्षांनी तिथे राहायला येणाऱ्याला दुसरं नाव माहीतच नसेल.

आता कागद. पहिली गोष्ट, रस्ता कोणाच्या ताब्यात आहे ते बांधकाम विभागात विचारून घ्या. नगरपालिकेचा असेल तर विषय गावातच मिटतो. सार्वजनिक बांधकाम खात्याचा किंवा हायवेचा असेल तर पालिकेचा ठराव नुसता कागद आहे, तिकडे वेगळा पत्रव्यवहार. अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, आवक शिक्का मारून पोच घ्यायची. विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आला पाहिजे. ऐनवेळच्या विषयात घुसवू नका, असे ठराव पुढे कोणी ना कोणी उकरतो. सूचक-अनुमोदक आधी पक्के करा आणि जमलं तर दोन्ही दोन वेगळ्या पक्षांचे घ्या. लोकांच्या हरकती आणि सूचना मागवा, आल्या तर सुनावणी होऊ द्या. प्रशासक बसलेला असेल तर सभेचे अधिकार त्याच्याकडे असतात, ठराव त्याच्या सहीने होतो. निवडणुकीची आचारसंहिता लागायच्या आत उरका, नाहीतर पाटी गोणपाटात गुंडाळून ठेवावी लागेल. आणि नाव देण्याआधी जाधव कुटुंबीयांना एक पत्र टाका. कायद्याने लागत नाही, रीत म्हणून.

पाटीविषयी थोडं जास्त बोलतो, कारण सगळे इथेच घसरतात. आमच्या पट्ट्यातल्या एका गावात नामकरणाची पाटी आहे, गाव सांगत नाही. अँगलवर पत्रा ठोकलेला. वर 'सौजन्य', त्याखाली नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो, त्याच्या बाजूला त्यांच्या नेत्यांचे तीन गोल फोटो, मग उद्‌घाटकांचं नाव, आणि तळाशी, जिथे पावसाचा चिखल उडतो तिथे, ज्यांचं नाव द्यायचं ते बिचारे स्वातंत्र्यसैनिक. पहिल्याच पावसाळ्यात त्यांचं आडनाव गंजलं. नगरसेवक अजून हात जोडून उभे आहेत.

तुमच्या पाटीवर फोटो एकच, खाशाबांचा. मजकूर एवढाच :

खाशाबा जाधव मार्ग
(१९२६–१९८४)
कुस्ती, कांस्यपदक, हेलसिंकी ऑलिंपिक १९५२
स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक

यातला 'वैयक्तिक' शब्द पेंटरला गाळू देऊ नका. 'भारताचे पहिले ऑलिंपिक पदक' लिहिलं तर ते खोटं ठरतं. हॉकीच्या संघाने १९२८ पासून सुवर्ण आणलेलं आहे, आणि १९४८ ला, स्वातंत्र्यानंतर वर्षभरातच, लंडनलाही आणलं. एखादा हॉकीवाला मास्तर पाटीसमोर उभा राहून हसायला नको.

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. आमच्या रोडचं नाव बदललं तर आधार, दुकानाचं लायसन्स, घराचा उतारा, बँकेचं कर्ज, सगळं बदलून घ्यावं लागेल का? खर्च कोण देणार?
— एक व्यापारी, पारोळा

उत्तर : शेठ, पाटी बदलली म्हणून तुमचं घर जागचं हललं नाही. तुमची मालकी सिटी सर्व्हे नंबरवर किंवा गट नंबरवर चालते, रस्त्याच्या नावावर नाही. प्रॉपर्टी कार्ड तेच, खरेदीखत तेच, बँकेचं तारण तेच. घरपट्टीच्या पावतीवर नवं नाव पालिकाच टाकेल. पोस्टमन पिनकोड आणि तुमचं नाव बघतो, आणि खरं सांगायचं तर पोस्टमन तुम्हाला चेहऱ्याने ओळखतो.

आधारपासून बाकीचे कागद लगेच पळापळ करून बदलायची गरज नाही. दुसऱ्या कोणत्या कामासाठी दुरुस्तीला जाल तेव्हा पत्ताही करून घ्या. तोवर काही वर्षं नवं नाव लिहून पुढे 'जुना अमुक रोड' लिहीत चला, आणि पालिकेच्या ठरावाची एक सही-शिक्क्याची नक्कल दुकानाच्या फायलीत ठेवा. कोणा अधिकाऱ्याने 'हे दोन पत्ते वेगळे कसे' म्हटलं की ती पुढे करायची. मोबाइलच्या नकाशावर नाव बदलायचं असेल तर तिथे कोणालाही दुरुस्ती सुचवता येते, तुमच्या नातवाला सांगा, तो जेवता जेवता करून टाकेल.

प्रश्न : आप्पा, मी माध्यमिक शाळेत शिक्षिका आहे. आमच्या शाळेतल्या आदिवासी पाड्यांवरच्या मुली अनवाणी पळतात आणि बूट घातलेल्यांना मागे टाकतात. शाळेसमोरच्या रस्त्याला एखाद्या महिला खेळाडूचं नाव द्यावं असं मी सुचवलं, तर सभेत म्हणाले, "तेवढी जुनी बाई कोणी नाही." खरंच नाही का? आणि हयात असलेल्या खेळाडूचं नाव देता येतं का?
— एक शिक्षिका, शहादा

उत्तर : ताई, सभेत बसलेल्यांना हेलसिंकीचं उरलेलं अर्धं पान वाचायला सांगा. ज्या १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांना पदक मिळालं, त्याच ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताच्या बायका पहिल्यांदा उतरल्या. पळायला नीलिमा घोष आणि मेरी डिसूझा, पोहायला डॉली नझीर आणि आरती साहा. नीलिमा सतरा वर्षांची होती. आरती साहा अकरा वर्षांची, म्हणजे तुमच्या शाळेत पाचवी-सहावीत बसली असती. हीच आरती पुढे १९५९ ला इंग्लिश खाडी पोहून गेली, आशियातली पहिली बाई.

तुमच्या मुली पळणाऱ्या आहेत, आणि रस्ता महाराष्ट्रातला, तेव्हा माझं मत मेरी डिसूझाला. ती वांद्र्याची. १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई खेळांत दोनशे मीटरला कांस्य, १९५४ ला मनिलात रिलेच्या संघात सुवर्ण, आणि वर हॉकीतही भारताकडून खेळलेली. हेलसिंकीला तिची निवड झाली, पण तिकिटाच्या पैशांची सोय मित्रमंडळींना करावी लागली. खाशाबांचं गहाण घर आणि मेरीचं तिकीट, एकाच ऑलिंपिकच्या या दोन कथा आहेत. एक आपल्याला पाठ आहे, दुसरी नाही.

हयात माणसाचं नाव देऊ नये हा संकेत बहुतेक पालिका पाळतात, आणि माझ्या मते तो शहाणपणाचा आहे. उद्या माणूस निवडणुकीला उभा राहिला की पाटीला काळं फासलं जातं. पण अपवाद नाहीत असं नाही. केरळात कोझिकोडला पी. टी. उषा रोड आहे. १९८४ ला लॉस एंजेलिसला चारशे मीटर अडथळ्यांत तिचं कांस्य सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं होतं. पदक नाही, रस्ता आहे.

आणि कोणी म्हणालं की पळणाऱ्या बाईच्या नावाचा रस्ता म्हणजे नुसती हौस, तर त्यांना अमेरिकेतल्या क्लार्क्सव्हिल गावाचं सांगा. विल्मा रुडॉल्फ तिथली. लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला आधाराची पट्टी. १९६० ला रोममध्ये तिने एकाच ऑलिंपिकमध्ये धावण्याची तीन सुवर्णं घेतली, असं करणारी ती पहिली अमेरिकी बाई. गावाने मिरवणूक ठरवली. तेव्हा तिथे काळ्यांचं सगळं वेगळं आणि गोऱ्यांचं वेगळं. विल्माने सांगितलं, मिरवणुकीत आणि जेवणात सगळे एकत्र असतील तरच येते. गावाला ऐकावं लागलं. आज त्या गावातल्या मोठ्या हमरस्त्याला तिचं नाव आहे. तुमच्या अर्जाला हा परिच्छेद जोडून द्या, हरकत नाही.

मुलींना मात्र आधी बूट मिळवून द्या. पाटी महिनाभर उशिरा लागली तरी चालेल.

प्रश्न : आमच्या वस्तीचं आणि तिच्या रस्त्याचं नाव जातीवरून आहे. पोरांना शाळेच्या दाखल्यावर लिहायला लाज वाटते. ते बदलून खेळाडूचं नाव देता येईल का? आणि कोणाचं द्यावं?
— एक वाचक, धरणगाव तालुका

उत्तर : नक्की देता येईल, आणि यात तुम्हाला कोणाच्या मेहरबानीची गरज नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने शहरांतल्या आणि गावांतल्या वस्त्यांची व रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेऊन शासन निर्णय काढला. ग्रामपंचायत असेल तर ग्रामसभेत, पालिका असेल तर सभेत त्या निर्णयाचा हवाला देऊन ठराव मागा. वर मी पैलवान भाऊंना 'तोंडी बसलेलं नाव हलवू नका' म्हणालो. ते इथे लागू नाही. जे नाव दुसऱ्यांनी तुमच्यावर चिकटवलंय ते काढायला काळजी कसली करायची.

नावाचं विचाराल तर बाळू पालवणकर. जन्म १८७६. चर्मकार समाजातला मुलगा, पुण्यात साहेबांच्या क्लबात मैदानाची निगा राखायला महिना थोड्या रुपयांवर लागला. जाळ्यात इंग्रजांना गोलंदाजी करता करता डावखुरी फिरकी अशी घोटली, की ग्रेग नावाचा साहेब त्याच्यासमोर तासन्‌तास सराव करायचा. गोलंदाजी रोज, पण बॅट हातात द्यायची नाही. तेव्हा क्रिकेटचे संघ धर्मावर पडायचे, आणि पुढे हिंदूंच्या संघाला त्याच्यावाचून चालेना. मैदानात त्याने टाकलेला चेंडू सगळे हातात घ्यायचे. चहाच्या वेळी मात्र त्याचा चहा पॅव्हेलियनबाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात या माणसाने ११४ बळी घेतले. हिंदूंच्या संघाचं कप्तानपद मात्र त्याला कधी दिलं नाही. ते १९२३ ला त्याचा भाऊ विठ्ठल याच्या वाट्याला आलं, आणि तेही सुखासुखी नाही.

बाबासाहेबांविरुद्ध १९३७ ची निवडणूक बाळू लढले होते, हेही तुमच्या सभेत कोणीतरी उकरणार, म्हणून आधीच सांगून ठेवतो. लढले, काँग्रेसतर्फे, आणि हरले. चेंडू त्याने वाईट टाकला नव्हता एवढं लक्षात ठेवा आणि पुढे चला.

पण एक अट आहे माझी. वस्तीला बाळूचं नाव द्या, आणि त्याच अर्जात गावच्या क्रिकेटच्या मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यालाही त्याचंच मागा. नाहीतर होतं काय, दलित खेळाडूचं नाव दलित वस्तीला, आणि सगळ्या गावाचं मैदान कोणा आमदाराच्या वडिलांच्या नावाने. ज्याला पॅव्हेलियनबाहेर चहा पाजला त्याला आपण पुन्हा गावाबाहेरच बसवल्यासारखं होईल. वस्तीचं नाव लगेच मंजूर होईल, मैदानाच्या रस्त्यावर खळखळ होईल. ती होऊ द्या. कोणी काय हरकत घेतली ते इतिवृत्तात नावासकट येऊ द्या.

प्रश्न : नाव बदलीसन रस्ताना खड्डा बुजतस का?
— एक रिक्षावाला, भुसावळ

उत्तर : नाही बुजत, दादा. पण बुजवून घ्यायची एक युक्ती सांगतो, वर नाव द्यायला निघालेल्या तिघांनाही उपयोगी पडेल. नामकरणाचा ठराव कोणीही नगरसेवक नाकारत नाही, कारण त्याला पाटीवर नाव हवं असतं. तर त्याच ठरावात दुसरं कलम घाला : 'सदर रस्त्याचे डांबरीकरण, दोन्ही बाजूंना पथदिवे व पहाटे धावणाऱ्यांसाठी एका बाजूला मुरमाची पट्टी करण्यात यावी व त्याकरिता चालू अंदाजपत्रकात तरतूद करण्यात यावी.' 'चालू' शब्द महत्त्वाचा, 'पुढील' लिहून देतील तर घेऊ नका. नामकरणाबरोबर हे कलम मंजूर झालं की पाटी लावायच्या कार्यक्रमाआधी खडी पडते. साहेबांची गाडी खड्ड्यातून आणायची कोणाची हिंमत नसते. आणि खडी पडली नाही तर ठरावाची नक्कल हातात असतेच. ती माहिती अधिकाराशिवाय, साध्या अर्जावर आणि नक्कल-फीवर मिळते. मुख्य लिपिक 'उद्या या' म्हणाला तर समोरच्या बाकावर बसून राहा.